काहील कोणी आणली

रुसे, ४ मे २००३

अर्शाविर भावजी,

नमस्कार-चमत्कार करत बसत नाही. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून देता, म्हणून लिहितेय. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं. मी पेरुझ, मिहरानची बायको. विसरला असाल तर सांगून ठेवते.

कामाचं बोलते. आमच्या नुबारला मुलगी झाली. जानेवारीत. नाक आजोबांचं आहे, त्याला आता काही इलाज नाही, बाकी गोड आहे. तिचा बाप्तिस्मा करायचाय. तुमच्या घराने आमच्या घरची मुलं बाप्तिस्म्याला हातात धरायची हे तिकडे तुर्कस्तानात, रोदोस्तोपासून चालत आलेलं. तुमच्या आजोबांनी ह्यांना धरलं, तुम्ही नुबारला धरलंत. तुम्हाला दोन्ही मुलीच, म्हणजे आताही धर्मबाप, कावोर, तुम्हीच. पण तुम्ही मार्सेयला लेकीकडे जाऊन बसलात आणि आमचं नाव निघालं की खोलीतून उठून जाता, असं कानावर येतं.

तर रीतीप्रमाणे विचारते. आम्हाला मोकळं करा. कावोरपणा सोडला असं चार ओळींत लिहून पाठवा, म्हणजे आम्ही दुसरा माणूस बघू. कावोराने आपण होऊन सोडल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात मूल द्यायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. हा ह्यांचाच निरोप आहे. ह्यांनीच लिहायला सांगितलंय.

तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. ह्यांचं बरं चाललंय. इथल्या आर्मेनियन मंडळाचे अजून अध्यक्ष आहेत, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. चर्चचं छत गळतं. रविवारच्या शाळेत पाच मुलं येतात, त्यातली दोन बल्गेरियन आहेत आणि बिस्किटांसाठी येतात. हे म्हणतात, येऊ देत, आपली बाराखडी तरी कानावर पडते. इतिहास लिहिणं सुटलेलं नाही. परवा हागोप सोनाराच्या मयताला गेलो होतो. त्याची बायको रडतेय, आणि हे तिच्या शेजारी बसून विचारतात, "वहिनी, तुमच्या सासूबाई मूळच्या रोदोस्तोच्या की मालगाराच्या?" मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. तर ती रडायची थांबली, डोळे पुसले, म्हणाली, "मालगाराच्या. पण सांगायच्या रोदोस्तो, कारण ते मोठं गाव." मग दोघं बसले बोलत. शेवटी ती हसतसुद्धा होती.

उत्तर लवकर पाठवा.

पेरुझ


रुसे, ३० मे

भावजी,

पोस्टकार्ड मिळालं. बंदराचं चित्र छान आहे. मागे काय लिहिलंत? "सोडणार नाही. येणार नाही." संपलं. सहीसुद्धा नाही. हे असं वागणं लहान मुलाचं असतं, भावजी. स्वतः खेळायचं नाही आणि चेंडूही द्यायचा नाही.

मीही एक खोटं बोलले होते, ते मागे घेते. ह्यांनी काही सांगितलं नव्हतं. ह्यांना पत्राचं माहीतच नाही. तुमचं नाव मी काढलं की हे चष्मा पुसायला लागतात, आणि नऊ वर्षांत काच झिजायची वेळ आलीय. तुम्ही मोकळं करू नये असंच मला वाटत होतं. तुम्ही चिडून का होईना, यावंत, म्हणून तसं लिहिलं. आता कळलं असेल की तुमच्या मित्राच्या बायकोला अजून डोकं आहे.

पण इथे एक अडचण आहे आणि ती थट्टेची नाही. आमची सून देसी बल्गेरियन. पोरगी लाख मोलाची आहे, द्राक्षाच्या पानांचा डोलमा माझ्यापेक्षा बारीक वळते. पण तिची आई, आमच्या विहीणबाई इव्हांका, दर रविवारी येते आणि बाळाच्या पाळण्याशी बसून म्हणते, "तुमच्याकडे धरायला कोणी नसेल तर संकोच करू नका. आमचं चर्च कोपऱ्यावर आहे. मी स्वतः धरेन." बाई वाईट नाही. तिला खरंच वाटतं की मूल असं ठेवू नये. नुबार तर म्हणतो, आई, काय फरक पडतो.

ह्यांना काय फरक पडतो ते मी बघते ना. सहा वर्षांत आपल्या चर्चमध्ये एक बाप्तिस्मा झालेला नाही. मयतं मात्र चुकत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या लोकांचा इतिहास लिहिला, लग्नानंतर मला फिरायला म्हणून वार्नाच्या दफनभूमीत नेऊन थडग्यांवरची नावं उतरवून घ्यायला लावली, त्याची एकुलती एक नात दुसरीकडे जायची. हे बोलत नाहीत. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पाण्याचं भांडं मात्र आठवड्यातून दोनदा घासून येतात. मला विचारलं तर म्हणतात, धूळ बसते.

आणि हे सगळं कशापायी? एका काहिलीपायी.

मी सगळं आठवून बघितलं, भावजी. १९२२ साली तुर्कांच्या मुलखातून पळताना तुमच्या आजोबांनी चर्चची ती तांब्याची काहील रोदोस्तोहून पाठीवर घालून आणली. पापाझियनांच्या आजोबांनी तीच काहील गाढवावर घालून आणली. चोबानियनांची आजी तर त्याच काहिलीत बसून मरित्सा नदी पार झाली. ह्यांनी टेपवर सगळ्यांचं घेतलं तेव्हा एका काहिलीचे सात आजोबा निघाले. मग कल्हई करायची म्हणून ह्यांनी ती अंगणात उपडी घातली, राख आणि व्हिनेगर लावून बूड घासलं. बॅटरी मीच धरली होती. बुडावर शिक्का निघाला. गाब्रोवोच्या तांबटाचा. १९२७ सालचा. निदान गाब्रोवोचा तरी नसता. साऱ्या देशात चिक्कू म्हणून ज्यांची टर उडवतात, त्यांच्याकडून विकत घेतलेली.

तेवढी एक ओळ ह्यांनी पुस्तकात घातली. तुम्ही मदाघच्या प्रसादाच्या पंगतीत ती वाचलीत, भरलं ताट तसंच ठेवून उठलात, आणि पुढच्या वर्षी देश सोडून गेलात. बाकीचे सहाजण चिडले, आठवडाभर बोलले नाहीत, मग परत पत्ते खेळायला आले. तुम्हालाच एवढं का झोंबलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

बाप्तिस्मा ऑगस्टात ठरवलाय, द्राक्षांना आशीर्वाद देतात त्या रविवारी. पाद्री देर नेर्सेस त्याच दिवशी प्लोवदिवहून येणार आहेत. तोवर विचार करा.

पेरुझ


रुसे, ६ जुलै

भावजी,

ह्या वेळी पूर्ण पान लिहिलंत, सिरवार्त वहिनींनी मागे काठी घेऊन बसवलं असणार. तुमची अट वाचली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय हे तुम्हाला मार्सेयमध्ये बसून कळतं, म्हणजे खोलीतून उठून गेलात तरी कान दाराशी असतात. ती ओळ काढा, मग येतो, असं म्हणता.

मी विचारलं ह्यांना. लपवण्यात आता अर्थ नव्हता. जेवणानंतर दोघं शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, "अर्शाविर भावजी येतील म्हणतात, पण काहिलीची ओळ काढायची."

हे सोलत राहिले. मग म्हणाले, "तू त्याला लिहितेस?"

"मे महिन्यापासून."

"तरीच तिकिटं संपतायत." मग थोड्या वेळाने, "पेरुझ, इतिहास म्हणजे काय डोलम्याचं सारण आहे का, पाहुणा येणार म्हणून मीठ कमी घालायला? शिक्का तू स्वतः पाहिलास."

"पाहिला."

"मग?"

"मग नातीला विहीणबाईंच्या हातात द्या."

ह्यांनी शेंगा बाजूला केल्या. म्हणाले, "मी त्याला रोज आठवतो. शाळेत एका बाकावर बसलो. माझा बाप गेला तेव्हा तो महिनाभर आमच्याकडे झोपायला होता. तो दारात येऊन उभा राहिला तर मी त्याचे पाय धुईन. पण जे झालं नाही ते झालं असं मी लिहिणार नाही. आज त्याच्यासाठी एक ओळ काढली, तर उद्या तुर्कांनी आपलं काय केलं ते सांगायला जाऊ तेव्हा लोक म्हणतील, ह्यांच्या काहिलीचं काय झालं होतं ते आधी बघा."

भावजी, मला राग आला होता, तरी ह्यांचं खरं होतं. ओळ निघणार नाही. मीही काढा म्हणणार नाही, कारण बॅटरी मी धरली होती.

पण एक गोष्ट सांगते, आणि ही मी ह्यांना न विचारता सांगतेय. बाप्तिस्म्याच्या दिवशी कावोर काही मागेल तर आई-बाप आणि घरचे नाही म्हणत नाहीत. तुमच्या आजोबांनी ह्यांच्या वडिलांकडे दारू सोडायला मागितली होती, आणि त्या बिचाऱ्याने सोडली, मरेपर्यंत. तर या. मूल धरा. मग पंगतीत सगळ्यांसमोर मागा, जे मागायचं ते. ओळ मागितलीत तर ह्यांना द्यावी लागेल. त्यानंतर हे बहुधा पुस्तक छापणारच नाहीत, आणि मी जन्मभर ह्यांच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. तरीही या म्हणते. आमच्या लग्नात अंगठी तुम्ही कोटाच्या अस्तरात हरवलीत आणि सगळं चर्च ताटकळत ठेवलंत, तेव्हासुद्धा हे म्हणत होते, घाई नको, अर्शाविरला सापडेल.

तुमची,
पेरुझ

(तळटीप. अंगठी अस्तरात हरवली नव्हती. अर्शाविरने ती हौसेने स्वतःच्या बोटात घातली होती आणि निघेना. शेवटी दिव्याचं तेल लावून काढली. मी शेजारी उभा होतो. मि.)

बघा. पत्र टेबलावर ठेवून दूध बघायला गेले तेवढ्यात हे झालं. मी दुसरा कागद घेणार नाही. नऊ वर्षांनी ह्यांनी तुम्हाला काही लिहिलं, आणि तीही दुरुस्ती.


रुसे, ८ ऑगस्ट

भावजी,

उत्तर नाही. ठीक आहे.

द्राक्षं बाजारात आली, पण आशीर्वाद व्हायचाय म्हणून आम्ही कोणी तोंडात घातलेली नाहीत. काहील घासून ठेवलीय, शनिवारी संध्याकाळी हरिसा चढवायचा, गहू आणि मेंढीचं मटण, सकाळपर्यंत ढवळायचं. ह्यांनी पाळ्या लावल्यात आणि सगळ्यात कठीण पाळी स्वतःकडे घेतलीय. विहीणबाईंनी नवा ब्लाउज शिवलाय. मी त्यांना सांगितलं, रविवारी दहा वाजता दारात कोणी नसेल तर तुम्ही धरा, आमच्या चर्चमध्ये की तुमच्या, ते पाद्री ठरवतील. आनंदाने माझ्या गळ्यात पडल्या. मी घरी येऊन रडले.

आता लिहिणार नाही.

पेरुझ


रुसे, २५ ऑगस्ट

सिरवार्त वहिनी,

तुमचे यजमान काल निघाले, उद्यापर्यंत पोहोचतील. सोबत वाळवलेल्या मटणाचं सुजुक दिलंय, वाटेत संपवलं नाही तर मिळेल. ते तुम्हाला घरी येऊन सांगतील, "झालं, छान झालं," आणि झोपून जातील. म्हणून सगळं मी लिहितेय. तुमचा गुडघा नसता दुखत तर तुम्हीच पाहिलं असतंत.

दहा वाजून गेले होते. चर्चच्या दारात आम्ही सगळे. बाळ विहीणबाईंच्या हातात, आणि विहीणबाई नव्या ब्लाउजमध्ये फुललेल्या. देर नेर्सेस म्हणाले, "मिहरान, मला दुपारची गाडी आहे." हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "थांबा. कावोराने अजून सोडलेलं नाही." पाद्री म्हणाले, "आलेलाही नाही." हे म्हणाले, "येणार नाही, हेही त्यानेच लिहून कळवलंय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही."

तेवढ्यात स्टेशनच्या बाजूने तुमचे यजमान. पायी. शर्ट ओलाचिंब, हातात पेटी, तोंडाने रुमानियन रेल्वेचा उद्धार चाललेला. बुखारेस्टची गाडी म्हणे डॅन्यूबच्या पुलावर येऊन उभी राहिली ती राहिलीच, शेवटी एकदाची स्टेशनात आली, तर तिथे हमालाशी भांडून त्यांनी वाट काढली. आमच्या ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय?

"छत अजून गळतंय का रे?"

"तू गेल्यापासून जास्त," हे म्हणाले. "वर्गणीला एक माणूस कमी झाला."

एवढंच. मग हे चष्मा पुसायला लागले आणि तुमचे यजमान पेटी कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. मी विहीणबाईंच्या हातातून बाळ घेतलं आणि तुमच्या यजमानांच्या हातात दिलं. विहीणबाईंचा चेहरा पडला, पण बाईने लगेच पेटी उचलली. मनाने चांगली आहे हो.

दारातच पाद्रींनी विचारायचं असतं, हे मूल काय मागतं, आणि कावोराने म्हणायचं, श्रद्धा, आशा, प्रेम आणि बाप्तिस्मा. तीन वेळा. तुमच्या यजमानांचा आवाज तिसऱ्या वेळी फाटला. मग आत पाण्याशी गेलो, आणि पाद्रींनी नाव विचारलं. आपल्यात नाव कावोर सांगतो, पण आजकाल आई-बापांनी ठरवलेलंच सांगतात. नुबार आणि देसीने रालिना ठेवलंय, कागदोपत्रीही तेच. नुबार हळूच म्हणालासुद्धा, "रालिना." तुमच्या यजमानांनी बाळाकडे बघितलं आणि म्हणाले,

"नुवार्त."

पाद्रींनी नुबारकडे बघितलं, नुबारने देसीकडे. देसी म्हणाली, "कावोर म्हणतात तर असू दे, घरात ते बोलवू." तिचा मी तिथल्या तिथे मुका घेतला. पण मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांना गावातल्या प्रत्येक घराची माणसं पाठ आहेत, कोण कोणाची मावशी, कोण कधी गेलं. हे नाव कुठून आलं ते शोधत होते आणि सापडत नव्हतं.

पंगत अंगणात. काहिलीतून हरिसा वाढत होतो. आता मागणं येणार हे मला माहीत होतं आणि ह्यांनाही. सगळ्यांनाच माहीत होतं, आपल्या लोकांत काय लपतं? पापाझियन तर चमचा खाली ठेवून बसला होता.

शेवटी हेच म्हणाले, "माग, अर्शाविर. मांडीवर मूल आहे, मी नाही म्हणणार नाही."

तुमचे यजमान म्हणाले, "आधी तू विचार. सकाळपासून प्रश्न तुझ्या जिभेवर आहे."

ह्यांनी विचारलं, "नुवार्त कोण? तुमच्या घरात या नावाचं कोणी नाही."

"आहे. माझ्या बापाची मोठी बहीण. रोदोस्तोहून निघाले तेव्हा ती पाच वर्षांची होती, बाप तीन. ताप होता दोघांनाही. चिखल, पाऊस, आजी आधीच गेलेली." बाळाने त्यांचं बोट धरलं होतं, ते सोडवत नव्हते. "आजोबांना पाठ एकच होती, मिहरान. त्यांनी मुलगा घेतला."

विहीणबाईंना आपली भाषा येत नाही, देसीने त्यांच्या कानात सांगितलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"इथे आल्यावर लोक विचारायचे, पाठीवर काय आणलंस? काय सांगणार? मुलगा आणला म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणून ते म्हणाले, काहील. बापाने हे मला मरताना सांगितलं आणि कोणाला सांगू नको म्हणाला. मग तू पुस्तकात लिहिलंस की काहील कोणी आणलीच नाही."

हे म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार. तुझं चुकलेलं नाही. शिक्का खरा आहे, ओळ राहू दे, मला ती नकोय." मग पापाझियनकडे, चोबानियनांच्या म्हातारीकडे, सगळ्यांकडे बघत म्हणाले, "पण एक सांग. ते सातही म्हातारे ह्याच अंगणात एका पंगतीला बसायचे. वर्गणी काढून काहील विकत घेतली त्यांनीच. सातजण सात गोष्टी सांगायचे. कधी एकाने तरी दुसऱ्याला खोटं पाडलं का?"

वहिनी, ह्या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखते, कोणत्याही प्रश्नाला ह्यांच्याकडे साल आणि महिन्यासकट उत्तर असतं. हे म्हणाले, "नाही. कधीच नाही." आणि पापाझियन, जो काही कारण नसताना बडबडतो, तो उठून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. त्यांच्या गाढवावर काय होतं, किंवा काय नव्हतं, ते त्याला बहुतेक माहीत असावं. मी विचारणार नाही. हेही विचारायला गेले नाहीत. टेपचं यंत्र खुर्चीखाली होतं, ह्यांनी ते पायाने आणखी मागे सारलं.

थोड्या वेळाने ह्यांनी हळूच विचारलं, "नुवार्तचं लिहू?"

"लिहिण्याचं नंतर बघ. माझं मागणं एवढंच आहे, आधी तिला हाक मार. आमच्या घरात कधी कोणी मारली नाही. आजोबांना जमली नाही, बापाला भीती वाटायची."

ह्यांना जमेना. तर विहीणबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, टाळी वाजवली आणि अगदी बल्गेरियन पद्धतीने म्हणाल्या, "नुव्का! नुव्का, आजीकडे बघ!" आणि बाळाने बघितलं. मग सगळेच हसलो, रडतारडता. आणि मग द्राक्षं आणली.

त्यानंतरचा आठवडा दोघांनी पत्ते खेळण्यात आणि छतावर चढून मला शिव्या द्यायला लावण्यात घालवला. ते तुम्ही त्यांनाच विचारा, पाठ का दुखतेय म्हणून.

आता सकाळचे आठ वाजलेत. देसी बाळाला माझ्याकडे सोडून कामावर गेलीय. दुसरी आवृत्ती टेबलावर तशीच पडलीय, हे तिकडे फिरकलेलेही नाहीत. पाळण्याशी खुर्ची ओढून बसलेत आणि मघापासून हाका मारतायत. नुवार्त. नुवार्त, ऊठ. नुवार्त, दूध पी. शेजारची बाई कुंपणावरून विचारून गेली, "मिहरान कोणाला शोधतायत? कोणी हरवलंय का?"

मी म्हटलं, "हरवली होती. सापडली."

तुमची,
पेरुझ